आदर्श न्याय आणि व्यवहारातला न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., एम.ए. करणारे, स्पर्धा परीक्षेला वैकल्पिक विषय म्हणून राज्यशास्त्र निवडलेले आणि अभ्यासमंडळांत हा विषय चर्चेला घेणारे वाचक डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सिद्धांत बाहेरचे आहेत, उदाहरणं मात्र ठाणे-नवी मुंबईची घेतली आहेत. हार्वर्डमधला युक्तिवाद दिघ्यात किंवा उलव्यात टिकतो का, हे पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

आदर्श सिद्धांत म्हणजे नेमकं काय? स्वप्नरंजन का?

नाही. हा शब्द हार्वर्डच्या जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात एका ठरावीक अर्थाने वापरला. समाज न्याय्य असता तर त्याचे मूलभूत नियम कोणते असते, हे शोधताना तो दोन गोष्टी धरून चालतो. एक, सगळे लोक आणि संस्था ते नियम काटेकोर पाळतात. दोन, परिस्थिती बऱ्यापैकी अनुकूल आहे, म्हणजे दुष्काळ, युद्ध, मोडकळीला आलेलं शासन असं काही नाही. या दोन गृहीतकांवर उभा राहतो तो आदर्श सिद्धांत. नियम मोडले जातात, इतिहासाचं ओझं आहे, पैसा अपुरा आहे, अशा वेळी काय करायचं हे सांगतो तो दुसरा भाग. शिक्षा, न्याय्य युद्ध, सविनय कायदेभंग, नुकसानभरपाई हे सगळे या दुसऱ्या भागातले विषय.

ही विभागणी रॉल्सच्या टीकाकारांनी केलेली नाही, ती त्याचीच आहे. त्याच ग्रंथाच्या ३९ व्या प्रकरणिकेत ती स्पष्ट मांडलेली सापडते. रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' (समाजात आपली जागा कोणती हे ठाऊक नाही असं धरून नियम ठरवायचे, ही कल्पना) पाठ असलेले विद्यार्थीही ही पानं वाचत नाहीत, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

दुसऱ्या भागाला मराठीत काय म्हणावं? 'अनादर्श' म्हटलं की काहीतरी वाईट असल्यासारखं वाटतं. 'व्यावहारिक' म्हटलं की तडजोडीचा वास येतो. इथे आम्ही 'व्यवहारातला न्याय' म्हणतो. तोही शब्द निर्दोष नाही.

मग वाद नेमका कशावरून आहे?

एकावरून नाही, तीन गोष्टींवरून आहे. २०१२ साली लॉरा व्हॅलेंटिनी यांनी या चर्चेचा जो नकाशा काढला, तो आजही सगळ्यात उपयोगी आहे. पहिला वाद पालनाचा: सगळे नियम पाळतात असं धरायचं, की काही जण मोडतात हे धरून चालायचं? दुसरा शक्यतेचा: तत्त्वं ठरवताना माणसाचा स्वभाव, पैसा, राजकारण यांच्या मर्यादा किती मोजायच्या? तिसरा मुक्कामाचा आणि वाटेचा: शेवटी कुठे पोहोचायचं ते ठरवायचं, की पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते?

हे तिन्ही स्वतंत्र आहेत. रॉल्स पालनाबाबत आदर्शवादी आहे, पण शक्यतेबाबत तसा नाही. आपला सिद्धांत 'वास्तवाला धरून असलेलं स्वप्न' असावा असं तो म्हणतो. 'आदर्श विरुद्ध व्यवहार' अशी तुलना करा असा प्रश्न आला की आधी विचारायचं: तिघांतला कुठला? हे न विचारता लिहिलेलं उत्तर दोन परिच्छेदांत स्वतःलाच छेद देतं.

सगळे नियम पाळतात असं धरलं तर बिघडतं कुठे?

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. काटेकोर पालनाच्या जगात ती इमारत उभीच राहत नाही. त्यामुळे अशा इमारतीत राहणाऱ्याचं कोण काय देणं लागतं, या प्रश्नाला त्या जगात जागाच नाही. उत्तर चुकीचं मिळतं असं नाही, प्रश्नच उमटत नाही.

आणि इथे, ठाणे-मुंब्रा-दिघा पट्ट्यात, रोजचा प्रश्न तोच आहे. इमारत पाडली तर शिक्षा होते ती आयुष्यभराची पुंजी घालून खोली घेतलेल्या कुटुंबाला. बांधणारा पैसे घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो. नियमित केली तर नियम पाळून, जास्त किंमत मोजून घर घेतलेला माणूस मूर्ख ठरतो. दोन्ही पर्यायांत कोणावर तरी अन्याय आहे. व्यवहारातल्या न्यायाचं खरं क्षेत्र हेच.

यावर सरकारं सहसा 'अंतिम तारीख' नावाचं हत्यार काढतात. राज्यात झोपडीधारकांसाठी आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० अशी तारीख ठरली. पुढे १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर देण्याची तरतूद आली. प्रत्येक तारीख त्या वेळच्या रहिवाशांच्या दृष्टीने माणुसकीची आहे. पण तारीख एकदा सरकली की ती पुन्हा सरकेल हे सगळ्यांना कळतं, आणि उद्याचं बांधकाम त्या भरवशावर उभं राहतं. आज अन्याय कमी करणारा नियम उद्याचं पालन कमी करतो. आदर्श सिद्धांताला हा पेच दिसत नाही, आणि नुसतं 'आज काय बरं' एवढं पाहणाऱ्यालाही दिसत नाही.

ज्यूडिथ श्क्लार यांनी १९९० साली मांडलेला भेद इथे कामी येतो: दुर्दैव कोणतं आणि अन्याय कोणता? पावसाने दरड कोसळली हे दुर्दैव. पण दरडीखाली वस्ती होऊ दिली, वीज-पाणी दिलं, कर घेतला आणि नंतर हात झटकले, तर त्याला दुर्दैव म्हणणं ही सोय झाली.

अमर्त्य सेन यांचा आक्षेप थोडक्यात काय आहे?

२००९ च्या पुस्तकात सेन म्हणतात की परिपूर्ण न्याय्य समाजाचं चित्र तुलनेसाठी पुरेसंही नाही आणि आवश्यकही नाही.

आवश्यक नाही, कारण दोन शिखरांतलं उंच कुठलं हे ठरवायला एव्हरेस्टची उंची लागत नाही. सेन यांनी किलिमांजारो आणि मॅकिन्लीचं उदाहरण दिलं. आपण कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर घेऊ. उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे.

पुरेसं नाही, कारण आदर्श ठाऊक असला तरी दोन अपूर्ण पर्यायांपैकी त्याच्या 'जवळचा' कुठला हे आपोआप कळत नाही. ते वाइनचं उदाहरण देतात, आपण चहाचं घेऊ. एकाला चहा सगळ्यात प्रिय, कॉफी त्याखालोखाल. अर्धा चहा आणि अर्धी कॉफी एकत्र केलेला पेला दिसायला चहाच्या जास्त जवळ आहे, पण तो बाजूला सारून हा माणूस सरळ कॉफी मागेल.

त्यांचा आणखी एक भेद मराठी वाचकाला चटकन पटतो: नीती आणि न्याय. नीती म्हणजे नियमांची आणि संस्थांची घडी. न्याय म्हणजे त्या घडीतून माणसाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आलं ते. मोठा मासा छोट्याला खातो तो मत्स्यन्याय थांबला का, हे पाहायचं असेल तर नियमावली चाळून भागत नाही.

सेन बरोबर असतील तर आदर्श सिद्धांत अडगळीत टाकायचा का?

इथे ए. जॉन सिमन्स यांचं २०१० चं उत्तर वाचावं. दोन शिखरांची उंची मोजणं वेगळं आणि सगळ्यात उंच शिखरावर चढणं वेगळं. ट्रेकिंग करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही: जवळची सोंड चढत गेलात आणि पुढे कडा निघाला, तर मिळवलेली उंची सोडून खिंडीत उतरावं लागतं. न्यायाचंही तसंच. आज थोडा अन्याय कमी करणारी सुधारणा पुढची मोठी सुधारणा अशक्य करून ठेवू शकते. ते ओळखायचं तर जायचं कुठे हे ठाऊक हवं.

जेराल्ड गाउस यांनी २०१६ साली याच चित्रावर वेगळा मुद्दा काढला. जवळच्या टेकड्या आपल्याला नीट दिसतात, दूरचं शिखर धुक्यात असतं. दिसणारी टेकडी सोडून न दिसणाऱ्या शिखराकडे निघायला सांगणाऱ्याकडे त्या धुक्याचा हिशेब असायला हवा, आणि बहुधा तो नसतो.

आमचं मत सिमन्स यांच्या बाजूला झुकतं, पण पूर्ण नाही. मुक्कामाची दिशा लागते. त्याचा तपशीलवार नकाशा लागत नाही. रॉल्सचे चाहते नकाशाच पुढे करतात, आणि सेन यांचे चाहते दिशाही नको म्हणतात.

एखादं स्थानिक उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखवाल का?

साडेबारा टक्के योजना घेऊ; नवी मुंबईत ती घरोघरी माहीत आहे.

पार्श्वभूमी अशी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. मोबदल्यावरून संघर्ष पेटला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. एक एकर म्हणजे ४० गुंठे गेले, तर साडेबारा टक्क्यांनी ५ गुंठे होतात. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात. हाती उरतात साडेतीन गुंठे, म्हणजे पावणेनऊ टक्के.

पहिली पायरी: निर्णय कोणाचा आणि पर्याय कोणते ते लिहून काढा. 'योजना न्याय्य आहे का?' हा प्रश्न मोघम आहे. 'फक्त रोख मोबदला, की मोबदला अधिक भूखंड, की नवी मुंबई विमानतळासाठी जमीन गेलेल्यांना दिला तसा साडेबावीस टक्के भूखंड?' हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

दुसरी: पालन कोणाकडून तुटलं ते पाहा. इथे दोन्हीकडून तुटलं. भूखंड हातात पडायला अनेकांना वर्षानुवर्षं लागली. दरम्यान कुटुंबं वाढली आणि जुन्या गावठाणाभोवती विनापरवाना घरं उभी राहिली. त्यांना इथे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. या शब्दातच एक नैतिक दावा आहे: नियम आम्ही मोडला, पण तो पाळण्याजोगी परिस्थिती तुम्ही ठेवली नव्हती. पालनाच्या सिद्धांतात हा दावा तपासायची जागा हवी. जिथे गरज संपून पाच मजले भाड्याने द्यायला चढवले, तिथे तो दावा तेवढाच टिकत नाही, हेही लिहा.

तिसरी: मोजपट्टी कोणाला वगळते ते पाहा. टक्केवारी चालते संपादित जमिनीवर. खाडीतली मासेमारी, मिठागरातली मजुरी, दुसऱ्याच्या शेतातलं काम यांचं मोल गुंठ्यांत निघत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याचं नुकसान झालं, पण त्याचा आकडाच तयार झाला नाही. घरातल्या लेकी-सुनांची नावं उताऱ्यावर होती का, हाही प्रश्न याच पायरीवर येतो. बहुतेक विश्लेषणं इथेच फसतात, कारण उपलब्ध आकडा समोर असतो आणि नसलेला आकडा कोणी शोधत नाही.

चौथी: रॉल्सने १९९९ साली सांगितलेली तिहेरी कसोटी लावा. उपाय राजकीयदृष्ट्या शक्य आहे का, नैतिकदृष्ट्या चालण्याजोगा आहे का, आणि त्याने खरंच काम होईल का? १९८४ च्या आधी परतीच्या भूखंडाची मागणी 'अशक्य' होती; आंदोलनाने ती शक्य केली. शक्यता ही दगडावरची रेघ नसते.

पाचवी: हा उपाय पुढची वाट उघडतो की बंद करतो? विकसित भूखंड विकता येतो. विकला की रक्कम एकदाच हातात येते, वाढत्या शहरातला वाटा मात्र कायमचा जातो. काहींनी तो भूखंड सांभाळला, काहींचा गेला. दोघांना एकाच योजनेने 'न्याय दिला' असं म्हणताना जरा थांबावं.

या पाच पायऱ्यांत आदर्श कुठे आहे? तिसऱ्या आणि पाचव्या पायरीत. शहराच्या वाढीत मूळ रहिवाशाचा वाटा असावा, हे तत्त्व मनात नसेल तर 'वगळलं' आणि 'वाट बंद झाली' हे शब्दच वापरता येणार नाहीत.

अमूर्त विचार आणि आदर्शीकरण एकच का?

नाही, आणि हा फरक ओनोरा ओनील यांनी फार नेमका दाखवला आहे. अमूर्त करणं म्हणजे काही तपशील बाजूला ठेवणं. आदर्शीकरण म्हणजे खोटा तपशील खरा धरणं. रेल्वेच्या नकाशात ठाणे ते वाशी सरळ रेघ दाखवली, तर ते अमूर्तीकरण. ठाण्याला गाडीत नेहमी बसायला जागा मिळते असं धरून वेळापत्रक आखलं, तर ते आदर्शीकरण.

चार्ल्स मिल्स यांची २००५ ची टीका यावर उभी आहे. अमेरिकेसारख्या देशाच्या न्यायाचा सिद्धांत मांडताना वंशभेदाला जवळपास जागाच नसेल, तर तो तपशील सहज सुटला असं म्हणता येत नाही. ज्यांना त्याचा त्रास नव्हता त्यांच्या अनुभवातून सिद्धांत घडला, असा त्यांचा आरोप आहे. आपल्याकडे 'भारतीय नागरिक' असं धरून, जात न घेता वाटपाचा सिद्धांत मांडणाऱ्यालाही हा आरोप जसाच्या तसा लागू होतो.

डॉ. आंबेडकरांना कोणत्या गटात घालायचं?

कोणत्याच नाही, परीक्षेतही तसं लिहायचं धाडस करावं. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात ते आपला आदर्श समाज उघड सांगतात: स्वातंत्र्य, समता, बंधुता. पण त्याच मजकुरात रोगाचं निदान आहे, आणि सहभोजन पुरेसं का नाही, धर्मग्रंथांच्या प्रामाण्याला हात का घालावा लागतो, याचा कारणांसह हिशेब आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर पालनाचा प्रश्न थेट येतो: २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण शिरणार आहोत, आणि ती फार काळ राहिली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल.

महात्मा फुले त्याहून जवळून, थेट समोरच्या अन्यायापासून सुरुवात करतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी आदर्श शिक्षणव्यवस्था रेखाटली नाही. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे, हे दाखवून त्यांनी प्राथमिक शिक्षण मागितलं. एलिझाबेथ अँडरसन आज सांगतात की आधी आजाराचं निदान करा, निरोगी देहाची व्याख्या नंतर. फुल्यांच्या निवेदनात ही पद्धत दिसते.

आरक्षण हा समतेच्या आदर्शाला अपवाद आहे का?

आदर्श कोणता मानता त्यावर ते ठरतं, आणि न्यायालयांचा प्रवासही हेच सांगतो. १९५१ च्या चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासचा जातवार जागांचा आदेश रद्द झाला. त्यावर पहिल्या घटनादुरुस्तीने मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करू देणारं कलम १५(४) आलं. १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यात आरक्षण हा संधीच्या समानतेला अपवाद नसून तिचाच एक पैलू आहे, ही भूमिका पुढे आली. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ती स्वीकारली आणि ५० टक्क्यांची मर्यादाही घातली.

अर्थशास्त्रातला लिप्सी-लँकेस्टरचा १९५६ चा सिद्धांत इथे जोडून पाहा. आदर्शाची एक अट मोडलेली असेल, तर उरलेल्या अटी तशाच पाळणं सर्वोत्तम ठरेलच असं नाही. 'जात विचारू नका' हा जातिविहीन समाजाचा नियम आहे. जात चालू असलेल्या समाजात तो एकटाच लावला की जे चालू आहे ते झाकलं जातं, एवढंच होतं.

'लोक ऐकणारच नाहीत' हे न्यायाविरुद्धचं कारण होऊ शकतं का?

डेव्हिड एस्टलंड यांचं उत्तर: 'जमत नाही' आणि 'करायचं नाही' यांत गल्लत करू नका. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करा म्हटलं की सभेत कोणीतरी उठून सांगतो, "आपल्याकडे हे होणार नाही." डबेच नाहीत, गाडी दोन्ही कचरा एकत्रच नेते, हे कारण खरं. कंटाळा येतो हे कारण कर्तव्य कमी करत नाही.

पण धोरण आखणाऱ्याने मात्र कंटाळा मोजलाच पाहिजे. नागरिक म्हणून 'लोक कंटाळतात' ही सबब, प्रशासक म्हणून तीच माहिती. एकच वाक्य कोण बोलतोय त्यावर त्याचं वजन बदलतं.

जी. ए. कोहेन यात कुठे बसतात?

अगदी दुसऱ्या टोकाला. न्यायाची मूळ तत्त्वं वस्तुस्थितीवर अवलंबून नसतात. वस्तुस्थिती पाहून आपण बनवतो ते समाज चालवायचे नियम, असं ते म्हणतात. ही मांडणी पटली नाही तरी हा भेद फार कामाचा आहे. विकास नियंत्रण नियमावली (शहरातल्या बांधकामाचे सरकारी नियम) म्हणजे न्याय नव्हे, हे त्यामुळे लक्षात राहतं.

परीक्षेत कुठे चुका होतात?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयात रॉल्स आणि त्याच्यावरची समुदायवादी टीका (माणूस त्याच्या समाजापासून सुटा नसतो, असं म्हणणारी) अभ्यासक्रमातच आहे. त्यामुळे सेन किंवा मिल्स आले की विद्यार्थी समुदायवादाचीच उत्तरं इकडे चिकटवतात. समुदायवाद्यांचा आक्षेप व्यक्तीच्या कल्पनेवर आहे, इथला आक्षेप सिद्धांताच्या पद्धतीवर आहे.

दुसरी चूक बासरीची. एकाच बासरीवर तीन मुलं हक्क सांगतात, ती वाजवता येणारी ॲन, गरीब बॉब आणि ती बनवणारी कार्ला: हे उदाहरण सेन व्यवहार दाखवायला देत नाहीत. निःपक्षपाती कारणंसुद्धा एकाहून अधिक असू शकतात, म्हणून एकाच आदर्शावर एकमत होईल याची खात्री नाही, एवढ्यासाठी ते आहे.

तिसरी, 'रॉल्स अव्यवहार्य आणि सेन व्यवहार्य' हे वाक्य. ते खोडा. १५० शब्दांच्या उत्तरात पहिल्या ३० शब्दांत कुठला वाद ते सांगा, ८० शब्दांत दोन्ही बाजू एकाच उदाहरणावर चालवून दाखवा, उरलेल्यांत आपला निर्णय द्या.

अभ्यासमंडळात दोन तासांत हा विषय कसा घ्यावा?

बारा ते पंधरा माणसं ठीक. त्याहून जास्त झाली तर दोन गट करा. पहिली २० मिनिटं तीन वाद समजावण्यात घाला. मग एकच स्थानिक निर्णय निवडा आणि तो एका ओळीत फळ्यावर लिहा. ओळ दोनदा बदलावी लागली तरी चालेल. बहुतेक वेळा पहिली ओळ दोन प्रश्न एकत्र बांधलेली असते. पुढची ५० मिनिटं वरच्या पाच पायऱ्या. तिसऱ्या पायरीला निदान २० मिनिटं राखून ठेवा, ती घाईत उरकली जाते. राहिलेल्या वेळात, आपला निर्णय ज्याच्या विरोधात जातो त्याची बाजू एकाने मांडायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. ते काम त्या गटातल्या सगळ्यात ठाम माणसाला द्या.